घोटणवाडीची खेप

"तिला मधी बसवा," अण्णा केरबाला म्हणाले. "कडंला वारं लागंल. एका अंगाला तुम्ही, दुसऱ्या अंगाला आमची जिनू."

केरबानं बायकोला टांग्यातून दोन्ही हातांवर उचलून आणलं होतं. हौसाबाई तिचं नाव. तिशीची असेल, पण अंगावर काही उरलंच नव्हतं; लुगड्याचंच ओझं तिच्यापेक्षा जास्त वाटत होतं. मिरजेच्या दवाखान्यात दोन महिने काढून, डॉक्टरांना हात जोडून ती स्वतःच्या हट्टानं गावी निघाली होती. गाडीशी आल्यावर म्हणाली, "सोडा मला. माझी मी चढते." आणि चढली.

ही गोष्ट १९६४ च्या माघातली. मी एकोणीस वर्षांची होते आणि चौथ्या दिवशी माझं लग्न होतं.

आई दारात उभी होती. "अहो, हिला कशाला नेताय? लग्न तोंडावर आलेली पोर शिवेबाहेर काढतात का कुणी?"

"आजारी बाई आहे. वाटेत तिला काय लागलं सवरलं तर मी बघू?"

"दुसरं कुणी बघा की."

"कोण आहे दुसरं?" अण्णांनी गाडीला किल्ली लावली. "आणि हिची तरी ही शेवटचीच खेप. पुढच्या सोमवारी माझ्याबरोबर कोण येणार आहे?"

आई दारातून बाजूला झाली. अण्णांना मुलगा नव्हता. बाई पेशंट असली आणि बरोबर बाईमाणूस नसलं की मी जायची, हा आमच्या घरचा शिरस्ता होता. चौदाव्या वर्षापासून मी असे किती रस्ते पाहिले, त्याचा हिशेब नाही.

आमची गाडी स्टुडबेकर, १९५० सालची. मिरजेत तशी एकच. तिचं पुढचं नाक विमानासारखं टोकदार होतं, त्यामुळे खेड्यापाड्यांतली माणसं तिला 'इमान' म्हणत. साखर कारखान्यातल्या एका इंजिनिअर साहेबांकडून अण्णांनी ती घेतली, तेव्हा साहेबांनी गाडीबरोबर कंपनीचं एक इंग्रजी पुस्तकही दिलं. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी हायस्कूलच्या मास्तरांकडून ते तीन वेळा वाचून घेतलं आणि पाठ करून टाकलं.

त्या गाडीवर आमचं घर दोन कामांनी चालत होतं. लग्नसराईत वराती, आणि एरवी दवाखान्याचे पेशंट. पण मयत मात्र अण्णा कधी नेत नसत. ते आडमुठे होते म्हणून नव्हे. गावातल्याच कासीमभाईंच्या डॉज मोटारीतून एकदा एका म्हाताऱ्याचं प्रेत कागलला नेलं आणि ते गावभर झालं. त्यानंतर त्या गाडीत कुणी नवरानवरी बसवली नाही. दोन वर्षांत कासीमभाईंनी गाडी विकली. 'मगदुमांच्या गाडीत मयत चढत नाही', हे मिरजेपासून मलकापूरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणूनच लोक आपल्या मुली त्या गाडीतून सासरी पाठवत.

कोल्हापूर सुटेपर्यंत हौसाबाई बोलत होती. आवाज बारीक, पण बोलायची हौस दांडगी.

"लगीन हाय म्हनं तुमचं?"

"हो. गुरुवारी."

"नवरा बगितलाया का?"

"बघितलाय."

"कसा हाय?"

"बरा आहे."

"बरा म्हंजे चांगलाच की वो," ती हसली आणि तिला ढास लागली.

केरबा म्हणाला, "लई बोलू नगं."

"दोन म्हैनं गप्पच व्हते की. आता बोलू द्या." मग पुढं वाकून तिनं अण्णांना विचारलं, "ही गाडी कुटली वो, दादा?"

अण्णांना हेच हवं असायचं. "अमेरिकेतली. पण हिचं मूळ काय माहीत आहे का? लोहाराचं घर. त्याची पाच पोरं. त्यांनी आधी घोड्याच्या गाड्या केल्या, छकडे केले. पन्नास वर्षं छकडेच करत होती. मोटार मागनं आली."

"मंग छकड्यातच बसलेया म्हना मी."

अण्णा खदखदून हसले. "तसंच म्हणा. पण आता गेल्याच महिन्यात तो कारखाना बंद झाला. पेपरात आलं होतं. आता ह्या गाड्या तिथं निघायच्या नाहीत."

हौसाबाईनं सीटवरून हात फिरवला. "म्हंजे हिला म्हायार न्हाई म्हना आता."

 कोल्हापूर मागं पडलं.

मग तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं बोलू लागली. घरी दोन मुली होत्या, आठ वर्षांची एक आणि पाच वर्षांची एक. दोन महिन्यांत तिनं त्यांना पाहिलं नव्हतं. "आमच्याकडं येक वंगाळ हाय बगा," ती म्हणाली. "भाईर जीव गेला तर गावात घेत न्हाईत. शिवंच्या भाईर, म्हसोबापाशी ठेवत्यात. तितनंच वड्याला न्हेऊन जाळत्यात. माझ्या सासूला तसंच ठेवलं, बाजारातनं येताना गेली म्हनून. पोरींस्नी लांबनं दावली. मी ह्यांस्नी बोललेया, मला घरात न्या. उंबऱ्याच्या आत."

"नेतील ना," मी म्हटलं. "दुपारपर्यंत पोचतोच आपण."

"व्हय," ती म्हणाली. "दादा गाडी झ्याक चालवत्यात."

वाघबिळाच्या चढाला उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. अण्णांना मध्येच थांबावं लागलं. त्या गाडीत एक सोय होती. चढावर क्लच दाबून धरला की ती तसूभरही मागं सरकायची नाही. जागच्या जागी अशी उभी राहायची, जणू सपाटीवर आहे. समोर एक गाडीवान बैलांना शिव्या देत होता. केरबा खिडकीतून बघत होता. हौसाबाई म्हणाली, "आलं का?"

"अजून नाही," मी म्हटलं.

रांग हलली, गाडी सुरू झाली, आणि माझ्या खांद्यावरचं डोकं जड झालं.

मी आधी समजले नाही. झोप लागली असेल असं वाटलं. मग मी तिचा हात धरला. तो अजून गरम होता, पण त्यानं माझा हात धरला नाही. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. डोळे अर्धे उघडे होते आणि ते कशाकडंच बघत नव्हते.

केरबानंही तेव्हाच पाहिलं.  त्यानं आधी तिच्याकडं पाहिलं, मग अण्णांच्या पाठीकडं, मग माझ्याकडं. आणि तो भला दांडगा माणूस, सीटच्या आड, अण्णांना दिसू नये असा खाली वाकून माझ्यापुढं हात जोडून बसला.

तो काय मागत होता ते मला कळत होतं. अण्णांना कळलं तर ते थांबणार, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मग रस्त्याच्या कडेला एखादी बैलगाडी मिळेपर्यंत बसायचं, आणि शेवटी म्हसोबा. पण माझं डोकं दुसरीकडंही धावत होतं. दोन दिवसांनी हळद लागायची ते माझं अंग, आणि त्याला टेकून एक मेलेली बाई. ह्याच गाडीतून मी सासरी जायची होते. आणि अण्णांचं काय? त्यांना फसवून त्यांच्या गाडीतून मयत न्यायचं?

"अण्णा," मी हाक मारली.

केरबानं डोळे मिटले.

"काय गं?" अण्णांनी आरशात पाहिलं.

माझ्या खांद्यावरून तिचं डोकं घसरत होतं. मी हात वर करून ते सावरलं.

"काही नाही," मी म्हटलं. "सावकाश चला."

"सावकाशच चाललोय," अण्णा म्हणाले.

केरबानं तिचा पदर पुढं ओढला, डोळे बोटांनी हळूच मिटले. मी एक हात तिच्या पाठीमागून घातला आणि तिला धरून बसले. पुढं दोन तास तशीच बसले.

बांबवड्याला अण्णा नेहमी चहाला थांबत. त्या दिवशी थांबणार नाहीत अशी मला आशा होती, पण रस्त्यातच मल्लाप्पा शेटे हात वर करून उभे राहिले. किराणा दुकानदार, ढेरपोटे, तोंडाळ आणि मनानं चांगले. त्यांच्या मुलीचं लग्न फाल्गुनात होतं आणि आमची गाडी ठरलेली होती.

"मगदूम! तसंच चाललाय होय? चहाबिगर? पोरीच्या सासरी आलाय का, पाणीबी वर्ज्य करायला?"

"पेशंट आहे, शेटजी. घाई आहे."

"कपभर चहाला काय घाई?" ते खिडकीशी आले आणि आत डोकावले. "अगं, ही तर नवरी! तू कशी काय हिंडतीस? आणि बाई कोण?"

मी तिला आणखी जवळ ओढलं. केरबा समोर बघत होता, दगडासारखा.

"घोटणवाडीच्या आहेत," अण्णा म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय. उठवू नका."

"न्हाई न्हाई, झोपू द्या." शेट्यांनी आवाज उतरवला. "माझ्या पोरीचं ध्यानात आहे न्हवं? सीट नवी घालून घ्या बरं का. माझ्या व्याह्यांना सांगून ठेवलंय, विमान येणार म्हणून."

"चहा इथंच द्या," अण्णा म्हणाले. "तिघांना."

काचेच्या ग्लासांत चहा आला. अण्णांनी खिडकीतून दोन ग्लास आत दिले. केरबा ग्लास हातात धरून नुसता बसला. "प्या," अण्णा त्याला म्हणाले. "अजून लांब जायचंय."

मलकापूर मागं पडलं. पुढं कच्चा रस्ता लागला, दगडगोट्यांचा. अण्णा खड्डा चुकवायचे, आणि चुकवता आला नाही तर गाडी जवळजवळ उभी करून चाक हळूच खाली सोडायचे. लग्नाच्या खेपेलाही त्यांनी अशी गाडी चालवलेली मी पाहिली नव्हती. तिचं डोकं एकदाही हललं नाही.

घोटणवाडीच्या शिवेवर शेंदूर फासलेला म्हसोबा होता आणि त्याच्याशेजारी पाचसहा माणसं बसली होती. केरबाचा निरोप आधीच पोचला होता, आणि 'इमान' लांबूनच दिसलं असणार. त्यांच्यातला एक म्हातारा उठला आणि त्यानं रस्त्यात काठी आडवी धरली. केरबा पुटपुटला, "सखूतात्या. गावचं मानकरी."

अण्णांनी गाडी थांबवली.

"केरबा," म्हातारा म्हणाला, "हाय का रं?"

केरबा अण्णांच्या पाठीकडं बघू लागला.

अण्णांनी दार उघडलं आणि खाली उतरले. डोक्यावरची टोपी नीट केली. म्हाताऱ्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मी मिरजेचा भूपाल मगदूम. गाडी माझी."

"नाव ऐकलंया. तुमच्या गाडीत मयत चढत न्हाई म्हनत्यात."

"खरं आहे."

"मंग बाई हाय न्हवं?"

"वाटभर बोलत आली," अण्णा म्हणाले. "आत्ता मलकापुरानंतर पाणी मागितलं. माझ्या पोरीनं पाजलं. विचारा तिला."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. अण्णा खोटं बोलत नसत. गिऱ्हाईक हातचं गेलं तरी बोलत नसत. म्हातारा खिडकीशी आला आणि माझ्याकडं पाहू लागला.

"व्हय गं पोरी?"

"हो," मी म्हटलं. "दोन घोट घेतले."

म्हातारा हौसाबाईच्या पदराकडं बघत राहिला. त्याला काय दिसलं आणि काय नाही, ते मी आजही सांगू शकत नाही. मग त्यानं काठी उभी केली आणि बाजूला झाला.

"मंग बसलाय काय? न्या की घरला. तिच्या पोरी सकाळधरनं दारात हायत्या."

घर म्हणजे दोन खणांचं छप्पर. केरबानं तिला उचललं. मी तिच्या डोक्याखाली हात देऊन बरोबर चालले, उंबरा ओलांडून आत गेले. वाकळेवर तिला निजवलं. दोन्ही मुली दोन बाजूंनी येऊन तिला बिलगल्या. धाकटीनं तिच्या गालाला गाल लावला. केरबानं त्यांना क्षणभर तसंच राहू दिलं आणि मग एकदम हंबरडा फोडला.

बायका धावत आल्या. "घरात गेली गं, पोरींस्नी भेटून गेली," असं म्हणून रडू लागल्या. त्या रडण्यात कुठंतरी समाधान होतं. अण्णा अंगणात टोपी हातात घेऊन उभे होते.

परतताना कडवी नदीच्या पुलाखाली अण्णांनी गाडी पाण्यात घातली. दूरच्या खेपेनंतर ती नदीवर धुवायची त्यांची सवय होती, त्यामुळे कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. "तूही डोक्यावरनं पाणी घे," ते म्हणाले. "आईला सांगू, गाडी धुताना भिजलो."

मी पाण्यात बसले. अण्णा मागची सीट पुसत होते.

"कधी कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"वाघबिळाच्या चढाला."

"कसं?"

"आरशात तुझं तोंड दिसलं."

"मग थांबला का नाही?"

अण्णांनी फडकं पिळलं. "तू हाक मारलीस. मला वाटलं, आता सांगणार. सांगितलं असतंस तर थांबलो असतो, जिनू. खोटं कशाला बोलू? उतरवलं असतं मी त्यांना." फडकं त्यांनी दारावर वाळत टाकलं. "तू 'सावकाश चला' म्हणालीस. मग माझ्याच्यानं थांबवेना."

पाणी गार होतं. मी विचारलं, "आता शेट्यांच्या पोरीचं?"

"तिला ह्या गाडीत बसवायची नाही. कुणाच्याच पोरीला नाही. मला काही वाटत नाही त्याचं, पण त्यांना न सांगता बसवणं बरं नव्हे. आणि सांगावं, तर त्या केरबाचं उघडं पडतंय. चार दिवसांत घोटणवाडीला कळंल. त्यामुळं बंद. लग्नं बंद."

"आणि माझं?"

"तुला तासगावकरांची अँबॅसिडर सांगतो."

"मला तर सगळं माहीतच आहे. मला विचारा की."

"नको पोरी." ते पहिल्यांदाच माझ्याकडं न बघता बोलले. "सासरी उद्या काही कमीजास्त झालं, पोरबाळ आजारी पडलं, तर तुझ्या मनात हेच येईल. आणि तुझ्या मनात आलं तर माझ्या जिवाला घोर."

मी ओले केस पिळत पाण्याबाहेर आले.

गुरुवारी लग्न लागलं. मांडवाबाहेर तासगावकरांची अँबॅसिडर झेंडूच्या माळा घालून उभी होती. तिच्यामागं आमची स्टुडबेकर, मोकळी. पाहुण्यांत कुजबूज चाललेली होती. मल्लाप्पा शेटे जेवून आले आणि त्यांनी सगळ्यांदेखत अण्णांना गाठलं.

"मगदूम, हे काय ऐकतोय? माझ्या पोरीला गाडी नाही म्हणून निरोप धाडलात?"

"गाडीचं आता वय झालं, शेटजी. कंपनी बंद पडली. सामान मिळत नाही. वराती घ्यायचं सोडलंय."

"सोमवारी घोटणवाडीला जाऊन आली की खडखडाट न होता!"

"वाटेत बंद पडली तर नवरी रस्त्यावर बसायची. नको."

"वा! अमेरिकेत कारखान्याला कुलूप लागलं म्हणून बांबवड्यात माझी पोर चालत जाऊ दे?" लोक हसले. शेटे हसले नाहीत. "खरं सांगा. कुणी जास्त बोली लावली?"

अण्णांचा चेहरा उतरला. दहा-बारा वर्षं ह्या धंद्यात होते, पण असं कुणी त्यांना बोललं नव्हतं. त्यांच्याकडं उत्तर होतं आणि ते त्यांना देता येत नव्हतं. ते नुसते हात जोडून उभे राहिले. पुढं गावानं तेच धरून ठेवलं. कुणी म्हणे कंपनी बुडाली म्हणून, कुणी म्हणे मगदुमाला माज आला म्हणून. त्यानंतर ती गाडी दवाखान्याचेच पेशंट वाहत राहिली, आणि जे वाटेत गेले त्यांनाही अण्णांनी घरी पोचवलं.

पण तेव्हा मी मांडवाच्या तोंडाशी उभी होते. शालू नेसलेली, पदराची गाठ नवऱ्याच्या उपरण्याला बांधलेली. आई रडत होती. करवल्या मला अँबॅसिडरकडं नेत होत्या.

मी थांबले. धनपाल, माझे यजमान, दचकून थांबले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. लग्नानंतरचं त्यांचं पहिलं बोलणं.

"अण्णांच्या गाडीतनं जायचं," मी म्हटलं.

"ती बिघडलेली आहे म्हणतात ना?"

"नाही. चांगली चालते. मी परवाच बसले होते."

अण्णांनी वळून पाहिलं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मी त्यांच्याकडं बघतच चालत गेले. गाठ बांधलेली असल्यामुळं धनपालना मागोमाग यावंच लागलं. कुणी दार उघडून देण्याची वाट न बघता मी मागचं दार उघडलं, आत गेले आणि मधल्या जागेवर, हौसाबाई बसली होती तिथं, बसले.